हायड्रोजनची गळती ओळखणारी नॅनोतार

हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, चव नाही. पेटला तर भर दुपारी त्याची ज्योतही धड दिसत नाही. आजवर हा वायू तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांच्या कुंपणाआड, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली राहिला, म्हणून तुम्हाआम्हाला त्याची फिकीर करावी लागली नाही. आता तो कुंपणाबाहेर येतो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन, म्हणजे सौर-पवनऊर्जेच्या विजेवर पाण्याचं विघटन करून मिळवलेला हायड्रोजन, तयार करायचं उद्दिष्ट. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही खासगी कंपनी आणि सीएसआयआर ही केंद्र सरकारची संशोधन संस्था यांनी मिळून तयार केलेली हायड्रोजन फ्युएल सेलवरची बस पुण्यात सादर झाली. हरियाणातल्या जींद-सोनीपत मार्गासाठी रेल्वेने हायड्रोजनवर चालणारी गाडी बांधली. सुरतजवळ कवासला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या वसाहतीत स्वयंपाकघरात येणाऱ्या पाइप गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून पाहिला गेला.

या बातम्यांत किती टन, किती कोटी, किती रोजगार हे सगळं असतं. गळती झाली तर ती कळणार कशी, हे फारसं कुणी विचारत नाही. मला हा प्रश्न बाकी सगळ्यांइतकाच मोठा वाटतो, आणि त्याच्या उत्तरांपैकी एक फार सुंदर उत्तर प्रयोगशाळांमध्ये गेली वीस-पंचवीस वर्षं आकार घेतं आहे: धातूच्या ऑक्साइडची, डोळ्यांना न दिसणारी तार. ती कशी काम करते आणि अजून कुठे अडते, ते समजून घेऊ.

सिलिंडरच्या गॅससारखा वास का मिसळत नाहीत?

घरातल्या एलपीजीलाही मुळात वास नसतो. आपल्याला येतो तो उग्र वास इथाइल मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त रसायनाचा. ते मुद्दाम मिसळतात, आणि त्याने आजवर असंख्य घरं वाचवली आहेत. हायड्रोजनच्या बाबतीत मात्र ही युक्ती दोन ठिकाणी अडते.

पहिली अडचण फ्युएल सेलची. फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज तयार करणारं यंत्र. त्यात प्लॅटिनमचा थर असतो आणि गंधक हे प्लॅटिनमसाठी विषच. अगदी किंचित गंधकही त्याचं काम हळूहळू बंद पाडतं. दुसरी अडचण रेणूंच्या आकाराची. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत हलका आणि फार लहान. ज्या बारीक फटीतून तो सटकतो तिथून वासाचा जड रेणू त्याच वेगाने बाहेर पडेलच याची खात्री नाही. बाहेर पडल्यावरही हायड्रोजन झपाट्याने वर जातो आणि वास मागे रेंगाळतो. म्हणजे इथे नाकाचं काम यंत्रालाच करावं लागणार.

चार टक्के ही रेषा

हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ते मिश्रण पेटू शकतं, आणि थेट ७५ टक्क्यांपर्यंत पेटतं राहतं. नैसर्गिक वायूचा पट्टा यापेक्षा खूपच अरुंद, साधारण ५ ते १५ टक्के. त्यात हायड्रोजन पेटायला ठिणगीही नगण्य पुरते: सुमारे ०.०२ मिलिजूल, म्हणजे नैसर्गिक वायूला लागते त्याच्या जवळपास पंधरावा हिस्सा. कोरड्या हवेत सिंथेटिक कपडा अंगावरून काढताना जी चटचट होते, तिच्यात याहून जास्त ऊर्जा असू शकते.

हायड्रोजनची एक बाजू आपल्या मदतीला येते, तीही सांगायला हवी. तो हवेपेक्षा चौदा पट हलका आहे. मोकळ्या जागेत गळती झाली तर तो वर उडून विरून जातो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो आणि दाराखालून पसरतो. हायड्रोजनचा खरा धोका छप्पर असलेल्या जागेत. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात तापलेल्या इंधननळ्यांवरच्या झिर्कोनियमची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, तो इमारतीच्या वरच्या भागात साठला, आणि १२ तारखेला पहिल्या व १४ तारखेला तिसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीचा वरचा भाग स्फोटाने उडाला. नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका हायड्रोजन पंपावर १० जून २०१९ रोजी स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीचं बूच नीट आवळलं गेलं नव्हतं, एवढंच निमित्त. स्फोटाच्या दाबाने जवळच्या मोटारीतल्या एअरबॅग उघडल्या आणि दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं.

म्हणून धोक्याची घंटा चार टक्क्यांच्या बरीच आधी वाजायला हवी. रेषेच्या चौथ्या हिस्स्यावर, म्हणजे १ टक्क्यावर, वाजवायची म्हटली तर ते होतात १०,००० पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. मोकळ्या हवेत हायड्रोजन नैसर्गिकरीत्याच जेमतेम अर्धा पीपीएम असतो. या अर्ध्यापासून दहा हजारांपर्यंतच्या पट्ट्यात जो सेन्सर लवकरात लवकर बोलेल, तो आपल्या कामाचा.

कल्हईचा धातू आणि नाकावरचं पांढरं मलम

धातूचं ऑक्साइड म्हणजे धातू आणि ऑक्सिजन यांचं संयुग. त्यात अनोळखी काही नाही. भर उन्हात खेळणारे क्रिकेटपटू नाकावर जे पांढरं मलम फासतात, त्यात झिंक ऑक्साइड असतं. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ती कथलाची. त्या कथलाचं ऑक्साइड म्हणजे टिन ऑक्साइड. वायू ओळखणाऱ्या सेन्सरांच्या जगात या दोघांचंच राज्य आहे.

ही दोन्ही ऑक्साइडं अर्धवाहक आहेत. तांब्यासारखी वीज सरसकट वाहू देत नाहीत आणि काचेसारखी पूर्ण अडवतही नाहीत. त्यांच्या स्फटिकात काही ठिकाणी ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहिलेल्या असतात आणि त्यामुळे थोडे इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. तेवढीच त्यांची वीज वाहण्याची पुंजी.

आता हे ऑक्साइड हवेत ठेवून तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि बसताना आतला एखादा इलेक्ट्रॉन ओढून धरतो. पृष्ठभागालगतचा थर त्यामुळे इलेक्ट्रॉनविना रिकामा होतो आणि ऑक्साइडचा विद्युतरोध वाढतो. विद्युतरोध म्हणजे विजेला होणारा अडथळा. मग हायड्रोजन आला की तो त्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि अडकून पडलेला इलेक्ट्रॉन स्फटिकाला परत मिळतो. विद्युतरोध धाडकन उतरतो. त्या उताराचं माप म्हणजेच हायड्रोजनची चाहूल.

ही कल्पना जुनी आहे. १९६२ मध्ये क्यूशू विद्यापीठातल्या सेइयामा आणि सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर वायू ओळखून दाखवला. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरसाठी जपानमध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि पुढे जपानमधल्या लाखो घरांत गॅसगळतीची घंटा त्यांच्या सेन्सरने वाजवली. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त गॅस सेन्सरांपैकी बरेचसे त्याच घराण्यातले.

तार बारीक केली की काय बदलतं?

इथे गोष्टीचा गाभा आहे, म्हणून जरा थांबू.

ऑक्सिजनने रिकामा केलेला थर फार पातळ असतो. टिन ऑक्साइडमध्ये तो साधारण काही नॅनोमीटरचा. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. ऑक्साइडचा तुकडा जाड असेल तर पृष्ठभागावर कितीही ऑक्सिजन बसो, मधल्या भरपूर जागेतून वीज आरामात वाहते. सिंहगड रोडसारख्या रुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना दुचाकी लावल्या तरी वाहतूक चालू राहते, तसं. पण त्याच दुचाकी सदाशिव पेठेतल्या एखाद्या बोळात दोन्ही बाजूंना लावल्या तर पायी चालणाराही आडवा होऊन जातो, आणि दोन-चार दुचाकी हलवल्या की लगेच वाट मोकळी होते. रिकाम्या थराची जाडी दोन्हीकडे तितकीच. फरक पडतो तो वाटेच्या रुंदीने.

नॅनोतार म्हणजे हा बोळ. तिची जाडी साधारण २० ते १०० नॅनोमीटर, लांबी मात्र कित्येक हजार नॅनोमीटर. ५० नॅनोमीटर जाडीच्या वीस हजार तारा शेजारी शेजारी ठेवल्या तर एक मिलिमीटर भरतो. इतक्या बारीक तारेत पृष्ठभागावर जे घडतं ते थेट तारेच्या मध्यापर्यंत पोचतं. हायड्रोजनचे थोडेच रेणू येऊन ऑक्सिजनला हलवून गेले तरी तारेतला प्रवाह बदलतो.

यावर कुणी म्हणेल, मग तार कशाला, जुन्या सेन्सरातले ऑक्साइडचे कणच बारीक दळा की. हा प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनी तो फार आधी तपासलाय. क्यूशू विद्यापीठातल्याच गटाने १९९१ मध्ये दाखवून दिलं की टिन ऑक्साइडचे कण साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा लहान झाले की सेन्सरची संवेदनक्षमता एकदम उसळी घेते. पण सेन्सर चालतो २०० ते ४०० अंश सेल्सिअसला. या उष्णतेत महिनोन्महिने राहिले की लहान कण एकमेकांना चिकटून मोठे होत जातात आणि मिळालेला फायदा हातचा निसटतो. नॅनोतार बहुधा एका अखंड स्फटिकाची असते. तिच्यात कणाला कण चिकटलेले नसतात, त्यामुळे तापवल्यावर ती आपला आकार बऱ्यापैकी टिकवते. संवेदनक्षमता हा गुण सगळे सांगतात. मला तिचा हा टिकाऊपणा जास्त मोलाचा वाटतो.

ही तार ओढत नाहीत, उगवतात

तांब्याची तार ओढून बारीक करतात, ही तशी करता येत नाही. तिला अणू-अणूने वाढवावं लागतं.

एक रीत भट्टीची. क्वार्ट्झच्या आडव्या नळीत झिंक ऑक्साइडची पूड आणि ग्राफाइटची पूड यांचं मिश्रण एका छोट्या सिरॅमिकच्या बोटीत ठेवतात. नळी ९०० अंशांच्या आसपास तापते, आतून आर्गॉन वायू संथ वाहत असतो. ग्राफाइट झिंक ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि जस्ताची वाफ मोकळी होते. थोडं पुढे, जरा कमी तापलेल्या भागात एक चकती ठेवलेली असते. तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ लेप असतो आणि उष्णतेने त्याचे सूक्ष्म थेंब झालेले असतात. जस्ताची वाफ या थेंबांत विरघळते, थेंब तृप्त झाला की त्याच्या बुडाशी झिंक ऑक्साइडचा स्फटिक बाहेर पडू लागतो, आणि थेंब डोक्यावर घेऊन तार वाढत जाते. तारेची जाडी ठरते थेंबाच्या आकारावरून. भट्टी निवल्यावर चकतीवर नुसता पांढुरका-करडा थर दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात तारांचं गच्च रान दिसतं. थेंबातून तार वाढवण्याची ही क्रिया १९६४ मध्ये बेल लॅबमधल्या वॅग्नर आणि एलिस यांनी सिलिकॉनसाठी मांडली होती. ऑक्साइडांच्या बाबतीत मोठी चालना मिळाली ती २००१ मध्ये, जॉर्जिया टेकमधल्या झोंग लिन वांग यांच्या गटाने झिंक, टिन आणि इतर ऑक्साइडांच्या नॅनोपट्ट्या तयार केल्या तेव्हा. त्यासाठी त्यांनी थेंबही वापरला नव्हता.

दुसरी रीत पाण्यातली, आणि आपल्याकडच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांना परवडणारी. झिंक नायट्रेट आणि हेक्सामाइन पाण्यात विरघळवायचं, झिंक ऑक्साइडचं बीज लावलेली काच त्यात पालथी ठेवायची आणि साध्या ओव्हनमध्ये ९० अंशांवर काही तास राहू द्यायची. काचेवर षटकोनी दांड्यांची फौज उभी राहते. या दांड्या भट्टीतल्या तारांपेक्षा जाड आणि आखूड असतात, पण सेन्सरसाठी पुरेशा चांगल्या. महागडं उपकरण नसतानाही एम.एस्सी.चा विद्यार्थी हे करू शकतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पॅलेडियमचे ठिपके कशाला?

नुसत्या ऑक्साइडला हायड्रोजनचा रेणू फोडायला उष्णता लागते. हे काम सोपं करायला तारेवर पॅलेडियम या धातूचे बारीक ठिपके देतात. पॅलेडियम आणि हायड्रोजन यांची जवळीक अचाट आहे. थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्येच पाहिलं होतं की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या कित्येकशे पट हायड्रोजन पोटात घेतो. तारेवरच्या ठिपक्यावर हायड्रोजनचा रेणू आला की त्याचे दोन अणू सुटे होतात, ते ठिपक्यावरून ओघळून शेजारच्या ऑक्साइडवर येतात आणि तिथल्या ऑक्सिजनशी झटकन संयोग पावतात.

याने दोन गोष्टी साधतात. एक तर सेन्सर कमी तापमानावर चालतो. दुसरं, पॅलेडियमचा कल मुख्यतः हायड्रोजनकडे असल्यामुळे इतर वायूंपेक्षा हायड्रोजनला प्रतिसाद जास्त मिळतो. २००५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने पॅलेडियम लावलेल्या झिंक ऑक्साइडच्या नॅनोदांड्यांवर खोलीच्या तापमानालाच हायड्रोजन ओळखून दाखवला, तोही मिलिवॉटपेक्षा कमी विजेवर. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणासाठी हे फार मोठं पाऊल होतं. मात्र त्या मापनात हायड्रोजन नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता. खरी गळती होते ती हवेत, जिथे ऑक्सिजन आहे, दमटपणा आहे, डिझेलचा धूर आहे. प्रयोगशाळेतला आकडा वाचताना तो कशात मोजला हे आधी बघावं.

मग हा सेन्सर सॅनिटायझरलाही बोंब मारेल का?

मारू शकतो. या तंत्रावरचा सगळ्यांत खरा आक्षेप हाच. ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन काढून नेणारा कुठलाही वायू विद्युतरोध उतरवतो: कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, अल्कोहोलची वाफ, रंगातल्या टर्पेंटाइनची वाफ. बस डेपोत कुणी हातावर सॅनिटायझर चोळला आणि घंटा वाजली, असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी कुणी धावत नाही. खोटी घंटा वाजवणारा सेन्सर हा सेन्सर नसण्याइतकाच धोकादायक.

यावरचा मला सर्वांत आवडलेला उपाय चाळणीचा आहे. झिंक ऑक्साइडच्या तारेभोवती झेडआयएफ-८ नावाच्या सच्छिद्र पदार्थाचं पातळ कवच वाढवतात. त्याच्या छिद्रांचं तोंड सुमारे ०.३४ नॅनोमीटरचं. हायड्रोजनच्या रेणूची रुंदी सुमारे ०.२९, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन यांची ०.३८ च्या आसपास. हायड्रोजन आत जातो, बाकीचे बहुतांश बाहेरच अडतात. हे छिद्र थोडं लवचीक असतं, त्यामुळे गाळणी शंभर टक्के पक्की नाही, आणि कवचामुळे सेन्सर किंचित मंदावतो. तरी निवडीचा प्रश्न मुळाशी जाऊन सोडवणारी ही वाट आहे.

दुसरी वाट अनेक तारांची. एका चिपवर टिन, झिंक, टंगस्टन आणि कॉपर ऑक्साइडच्या तारा शेजारी शेजारी ठेवतात. कॉपर ऑक्साइडची तऱ्हा तर उलटीच: हायड्रोजन आला की त्याचा विद्युतरोध वाढतो. प्रत्येक वायूला या तारा आपापल्या प्रमाणात उत्तर देतात आणि त्या एकत्र उत्तरावरून संगणक वायू ओळखतो.

आणि पावसाळ्यात?

या विषयावरचे शोधनिबंध वाचताना मला सगळ्यांत जास्त खटकतं ते इथेच. बऱ्याच मापनांत सिलिंडरमधली कोरडी हवा वापरलेली असते. कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता सहज नव्वद टक्क्यांच्या घरात असते. पाण्याचा रेणू ऑक्साइडवर येतो आणि ज्या जागांवर ऑक्सिजन बसायचा त्याच बळकावतो. हायड्रोजन आला तरी त्याला संयोगासाठी ऑक्सिजनच कमी सापडतो. परिणामी कोरड्या हवेत खणखणीत बोलणारा सेन्सर दमट हवेत पुटपुटतो, आणि शिवाय त्याची सुरुवातीची पातळीच सरकलेली असते.

उपाय आहेत. सेन्सर जास्त तापवला की बरंच पाणी उडून जातं, पण वीज जास्त लागते. पाणी झिडकारणारं कवच देता येतं. झेडआयएफ-८ मुळातच जलविरोधी आहे, त्यामुळे इथेही त्याची मदत होते, जरी पाण्याचा रेणू त्याच्या छिद्रातून जाण्याइतका लहान असला तरी. शेजारी आर्द्रतेचा वेगळा सेन्सर ठेवून आकड्यात दुरुस्ती करता येते. यांतला कुठलाही उपाय निवडा, पण तो मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या पावसाळ्याची हवा देऊन तपासलेला हवा. आपल्या विद्यापीठांतून या विषयावर भरपूर काम होतं, आणि आपल्याकडे ही हवा फुकट आहे. खिडकी उघडून घेतलेलं एक महिन्याचं मापन मला कोरड्या हवेतल्या विक्रमी आकड्यापेक्षा मोलाचं वाटेल.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. सेन्सरची चाचणी घेताना तो लहानशा बंद कक्षात ठेवतात आणि पडद्यावर विद्युतरोधाची रेषा सरकत असते. हवेत ती आडवी. हायड्रोजन सोडला की सरळ खाली कोसळते, मग हळूहळू स्थिरावते. हायड्रोजन बंद करून हवा सोडली की वर चढू लागते. निबंधाच्या मथळ्यात येतं ते कोसळण्याचं माप, किती पट ते. माझं लक्ष मात्र शेवटच्या चढणीकडे जातं. रेषा मूळ पातळीला परत येते का, की जरा खालीच अडते? शंभराव्या वेळीही तेवढीच येते का? दर वेळी थोडी सरकणारी रेषा म्हणजे सहा महिन्यांनी चुकीचं बोलणारा सेन्सर.

तापलेला सेन्सरच ठिणगी ठरला तर?

हायड्रोजनच्या जागी दोनशे-तीनशे अंशांची वस्तू ठेवायची, हे ऐकूनच धडकी भरते. हायड्रोजन आपोआप पेटायला सुमारे ५८५ अंश लागतात, म्हणजे तापमानात अंतर आहे. पण पॅलेडियम, प्लॅटिनमसारखे धातू हे अंतर कमी करू शकतात, म्हणून त्यावर विसंबून राहत नाहीत. सेन्सरला धातूच्या बारीक जाळीचं किंवा सच्छिद्र धातूचं टोपण असतं. वायू आत-बाहेर जातो, पण आत ज्योत झालीच तर जाळी तिची उष्णता शोषते आणि ती बाहेर येत नाही. खाणकामगारांसाठी हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये केलेल्या दिव्याचं तत्त्व हेच. नॅनोतारेची इथे आणखी एक जमेची बाजू आहे. तिच्यातूनच प्रवाह सोडून तिला तापवता येतं आणि तापलेला भाग इतका सूक्ष्म असतो की त्यात साठलेली उष्णता नगण्यच.

आधीचे सेन्सर काय वाईट आहेत?

वाईट अजिबात नाहीत. आज कारखान्यांत तेच पहारा देतात आणि पुढची काही वर्षं तेच देणार. उत्प्रेरकावर वायू जाळून उष्णता मोजणारे सेन्सर दणकट असतात, पण कुठलाही ज्वलनशील वायू त्यांना सारखाच, आणि सिलिकोनच्या वाफेने ते निकामी होतात. विद्युत-रासायनिक सेन्सर अचूक, पण त्यांच्यातला द्राव कोरड्या, उष्ण हवेत आटतो. उष्णता वाहून नेण्यातला फरक मोजणारे सेन्सर तर हायड्रोजनसाठी छानच, कारण तो हवेच्या सुमारे सात पट वेगाने उष्णता वाहतो. मात्र अगदी कमी प्रमाण त्यांना नीट जाणवत नाही. नॅनोतारेचा दावा इतकाच आहे की ती लहान, कमी विजेची, चिपवर बसणारी आणि फार कमी प्रमाणही ओळखणारी आहे. म्हणजे एका खोलीत एकाच्या जागी वीस लावता येतील.

फक्त स्फोटासाठीच का?

कमी प्रमाण ओळखण्याचं महत्त्व स्फोटापलीकडेही आहे. हायड्रोजन स्वतः उष्णता धरून ठेवत नाही, पण वातावरणात मिथेनचा नाश करणारे हायड्रॉक्सिल रेणू तो वापरून टाकतो, त्यामुळे मिथेन जास्त काळ टिकतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हायड्रोजनचा हा अप्रत्यक्ष तापमानवाढीचा परिणाम वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अकरा-बारा पट धरला जातो. स्वच्छ इंधन म्हणून आणलेला वायू हजारो सांध्यांतून झिरपत राहिला तर त्याच्या फायद्याला तेवढीच गळती लागते. हे झिरपणं एक टक्क्याच्या कितीतरी खाली, पीपीएमच्या पातळीवर असतं. ते हेरायला नॅनोतारेसारखंच काहीतरी लागेल.

कुठे लावणार?

पहिल्या जागा बहुधा बस डेपो, हायड्रोजन पंप आणि बॅटरीच्या खोल्या असतील. बॅटरीची खोली ऐकून नवल वाटेल, पण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर भरतो ते कमी कशाने होतं? चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात त्यातल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. घरी एखादी बॅटरी हवेशीर जागी असते, तिथे चिंता नाही. रुग्णालय, टेलिफोन एक्स्चेंज किंवा डेटा सेंटरच्या बंद खोलीत अशा बॅटऱ्यांच्या रांगा असल्या तर हायड्रोजन मोजावाच लागतो.

जागा निवडताना एलपीजीची सवय विसरावी लागेल. एलपीजीचा सेन्सर जमिनीलगत लावतात. हायड्रोजनचा लावायचा छताला, तुळयांच्या मधल्या ज्या खाचांत वायू अडकून राहतो तिथे, आणि गळती होऊ शकेल अशा सांध्यांच्या वर. लावल्यावर ठरावीक काळाने माहीत असलेल्या प्रमाणाचा हायड्रोजन त्याच्यावर सोडून तो बोलतो की नाही हे पाहायचं. डेपोच्या निविदेत सेन्सरची किंमत लिहिलेली असते, तसाच या तपासणीचा खर्च आणि ती करणाऱ्या माणसाचं पदही लिहिलेलं असायला हवं.